वेगाच्या काठावरचे भोवरे

वारा सुटला की पाण्यावर लाटा उठतात, यात नवल वाटावं असं काही नाही. पण त्या का उठतात, याचा हिशेब मांडायला एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. 1868 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एकमेकांना घासत जाणाऱ्या दोन प्रवाहांचा प्रश्न हाती घेतला. तीन वर्षांनी विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी त्याचं गणित पक्कं केलं. केल्विनना शिडाच्या नौकेचं भारी वेड. त्यांच्या ‘लाला रूख’ नौकेवर 1871 च्या उन्हाळ्यात हेल्महोल्ट्झ पाहुणे होते आणि लाटांची समीकरणं आधी कोण सोडवतो, याची दोघांत चुरस लागलेली असे.

त्या गणितातून निघालेली गोष्ट थोडक्यात अशी. दोन प्रवाह वेगवेगळ्या वेगांनी शेजारून वाहत आहेत आणि त्यांच्यामधली सीमा अगदी सपाट आहे. तिच्यावर कुठेतरी केसभर उंचवटा आला. त्या उंचवट्यावरून जाताना वरच्या प्रवाहाला वाट अरुंद होते, म्हणून तो वेग घेतो. वेग वाढला की दाब उतरतो. दाब उतरला की उंचवटा आणखी वर ओढला जातो. एकदा हे सुरू झालं की आपलं आपण वाढत जातं. उंचवट्याची लाट होते, लाटेचा माथा पुढे कलतो आणि शेवटी स्वतःभोवती गुंडाळला जाऊन त्याचा भोवरा होतो. हीच केल्विन-हेल्महोल्ट्झ अस्थिरता. सीमेवरच्या वेगातल्या फरकाखेरीज तिला बाहेरून काहीही लागत नाही.

गंमत अशी की ज्या समुद्राकडे बघत केल्विननी हा हिशेब केला, तिथेच तो नीट लागू पडत नाही. त्यांच्या गणितानुसार पाण्यावर लाटा उठायला वाऱ्याचा वेग सेकंदाला साडेसहा मीटरच्या आसपास तरी हवा. प्रत्यक्षात त्याहून कितीतरी मंद झुळकीनेही पाणी शहारतं. समुद्राच्या लाटांचा खरा उलगडा 1957 मध्ये जॉन माइल्स आणि ओवेन फिलिप्स यांनी, वेगवेगळ्या वाटांनी, केला. यांतले माइल्स पुढे पुन्हा भेटणार आहेत. केल्विन-हेल्महोल्ट्झ अस्थिरता मात्र समुद्रावरून उठून ढगांत गेली, गुरूच्या पट्ट्यांत गेली आणि जिथे पाणीही नाही, हवाही नाही, अशा अवकाशात तिने आपलं सर्वांत मोठं बिऱ्हाड थाटलं. या पुस्तकाचा विषय तो आहे.

अवकाश रिकामं नाही, हे आता शाळकरी मुलांनाही माहीत असतं. पण तिथे नेमकं काय आहे, याची कल्पना फार थोड्यांना असते. सूर्यापासून सतत प्लाझ्मा वाहतो. प्लाझ्मा म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला, विद्युतभारित कणांचा वायू. पृथ्वीपाशी पोचतो तेव्हा त्याचा वेग साधारण सेकंदाला 400 किलोमीटर असतो, कधी 700-800 सुद्धा. आणि तो विरळ किती, तर एका घनसेंटीमीटरमध्ये जेमतेम पाच-दहा कण. हे कण एकमेकांवर आदळतच नाहीत म्हटलं तरी चालेल. एका टकरीपासून दुसरीपर्यंतचं सरासरी अंतर जवळजवळ सूर्य-पृथ्वीएवढं भरतं. तरीही हा वायू एकसंध द्रवासारखा वागतो, कारण त्याच्या कणांना चुंबकीय क्षेत्राने एकत्र बांधून ठेवलेलं असतं. प्लाझ्मा जाईल तिथे बलरेषा जातात आणि बलरेषा अडल्या की प्लाझ्माही अडतो. 1942 मध्ये हानेस आल्फवेन यांनी या वागणुकीचा पाया घातला, तेव्हा बऱ्याच जणांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. नोबेल मिळायला 1970 साल उजाडलं.

असा ‘सौरवारा’ वाहतो, हे 1958 मध्ये यूजीन पार्कर यांनी गणिताने दाखवलं. त्यांचा निबंध दोन परीक्षकांनी नाकारला. ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’चे तेव्हाचे संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. कल्पना त्यांना स्वतःलाही पटली नव्हती; पण गणितात चूक सापडेना, म्हणून त्यांनी तो छापला. संपादकाने काय करावं, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. याच चंद्रशेखरांनी 1961 मध्ये द्रव आणि चुंबकीय द्रव यांच्या स्थैर्यावर जो जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यातलं अकरावं प्रकरण केल्विन-हेल्महोल्ट्झ अस्थिरतेवर आहे. या विषयात काम करणाऱ्याच्या टेबलावर ते आजही उघडं असतं.

आता मूळ अडचणीकडे येतो. ती नसती तर हे पुस्तक लिहायचं कारण नव्हतं.

केल्विनच्या हिशेबात एक गृहीतक दडलेलं आहे: एका ठिकाणचा दाब बदलला की ती बातमी आजूबाजूला ताबडतोब पोचते. पाण्यात आणि मंद वाऱ्यात हे ठीक. पण बातमी नेते कोण? ध्वनितरंग. प्रवाहच ध्वनीपेक्षा वेगवान असेल तर काय? शेजारशेजारच्या रुळांवरून दोन गाड्या इतक्या सुसाट निघाल्या, की एकीतून मारलेली हाक दुसरीपर्यंत पोचेतो ती कधीच पुढे निघून गेलेली, तसं काहीसं होतं. अवकाशात आवाज नसतो हे शाळेतलं वाक्य इथे जरा बाजूला ठेवावं लागेल. कानाला ऐकू येणारा आवाज तिथे नाही; पण प्लाझ्मात दाबाच्या लाटा असतात, आणि वायूचा दाब व चुंबकीय दाब मिळून त्यांचा वेग ठरवतात. पृथ्वीपाशी हा वेग सेकंदाला साठ-सत्तर किलोमीटरच्या घरात असतो. म्हणजे सौरवारा आपल्याच ध्वनीच्या पाच-सहा पट वेगाने धावत असतो.

ध्वनीपेक्षा वेगवान प्रवाह उलट्या स्वभावाचा असतो. वाट अरुंद झाली की तो वेग घेत नाही, मंदावतो, आणि दाब उतरण्याऐवजी चढतो. रॉकेटच्या नळकांड्याचा आकार याच गुणावर बेतलेला असतो. त्यामुळे उंचवट्याच्या माथ्यावर जे शोषण व्हायचं, ज्याच्या जोरावर लाट वाढायची, तेच नाहीसं होतं. उंचवट्यात साठणारी ऊर्जा तिरप्या तरंगांवाटे दोन्ही बाजूंना निघून जाते. 1944 मध्ये रशियन शास्त्रज्ञ लेव्ह लँडाऊ यांनी याचा आकडा काढला: दोन सारख्याच वायूंच्या वेगांतला फरक ध्वनिवेगाच्या 2.83 पटींहून जास्त असेल, तर प्रवाहाच्या दिशेने जाणारी लाट वाढतच नाही. 1958 मध्ये माइल्स यांनी हा प्रश्न पुन्हा तपासला आणि तेच उत्तर काढलं. जी अस्थिरता वेगाच्या फरकातून जन्मते, तिला फार मोठा फरक मारून टाकतो.

मग अवकाशात भोवरे कसे? लँडाऊंचा निकाल खरा आहे, पण त्यात एक वाट मोकळी राहिलेली आहे. लाट प्रवाहाच्या दिशेनेच गेली पाहिजे असा काही नियम नाही. ती तिरकी गेली, तर तिला प्रवाहाचा सगळा वेग जाणवत नाही. तिच्या दिशेने पडणारा त्या वेगाचा अंशच तेवढा जाणवतो. पुरेसं तिरकं झालं की कितीही वेगवान प्रवाह त्या लाटेपुरता ध्वनीपेक्षा मंद होतो. फेयर आणि माइल्स यांनी 1963 मध्ये हे स्पष्ट मांडलं. शिवाय खरी सीमा कागदावरच्या रेषेइतकी बारीक नसते. तिला जाडी असते. ब्लूमेन, ड्रेझिन आणि बिलिंग्ज यांनी 1975 मध्ये दाखवलं की अशा जाड थरात ध्वनीपेक्षा वेगवान प्रवाहातही काही लाटा वाढत राहतात. फक्त सावकाश वाढतात, आणि वाढता वाढता ऊर्जाही बाहेर टाकत राहतात.

इथवर गणिताने वाट काढून दिली. पण प्लाझ्मात चुंबकीय क्षेत्र आहे आणि ते ही वाट अर्धी बुजवतं. ताणलेल्या बलरेषेला वाकवायला ऊर्जा लागते. क्षेत्र प्रवाहाच्या दिशेने असेल, तर प्रत्येक लाटेला ते वाकवावं लागतं आणि अस्थिरता दबते. क्षेत्र प्रवाहाला काटकोनात असेल, तर प्रवाहाबरोबर जाणारी लाट बलरेषा न वाकवता त्यांना नुसती बाजूला सारते. तिला अडवणारं कुणी नाही. पण हीच लाट वेगाच्या तडाख्यातून सुटण्यासाठी तिरकी झाली, की क्षेत्राच्या दिशेने तिचा काही भाग येतो आणि बलरेषा वाकू लागतात. सरळ गेली तर वेग मारतो, तिरकी गेली तर क्षेत्र आवळतं. अवकाशातल्या भोवऱ्यांचा सगळा अभ्यास या कात्रीत चालतो, आणि कुठल्या जागी कुठलं पातं बोथट आहे ते शोधणं, हे माझ्या मते या शास्त्राचं निम्मं काम आहे.

पृथ्वीभोवती अशी जागा आयती सापडते. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सौरवाऱ्याला अडवतं आणि स्वतःभोवती एक पोकळी राखतं. तिला चुंबकावरण म्हणतात. सूर्याच्या बाजूला त्याची सीमा पृथ्वीच्या साधारण दहा त्रिज्यांवर असते. तिच्याही पुढे तीन-चार त्रिज्यांवर एक धनुष्याकृती आघातपृष्ठ उभं असतं. सौरवारा त्याच्यावर आदळून तापतो, दाटतो आणि एकदम मंदावतो. आघातपृष्ठ आणि सीमा यांमधल्या या तापलेल्या पट्ट्यात नाकासमोरचा प्रवाह ध्वनीपेक्षा मंदच असतो. मग तो दोन्ही कुशींवरून मागे सरकताना पुन्हा वेग घेत जातो आणि बऱ्याच अंतरावर पुन्हा ध्वनीच्या पलीकडे पोचतो. मधल्या टप्प्यात वेगाचा फरक लाट वाढवायला पुरेसा असतो, तिला मारण्याइतका नसतो. भर म्हणजे विषुववृत्ताजवळ पृथ्वीचं क्षेत्र दक्षिणोत्तर आणि प्रवाह शेपटीकडे, म्हणजे नेमका काटकोन. सौरवाऱ्याने आणलेलं क्षेत्रही उत्तरेकडे वळलेलं असेल, तर दोन्ही पाती बोथट. इथे लाटा उठत असाव्यात, असं जेम्स डंजी यांनी 1955 मध्ये, म्हणजे कृत्रिम उपग्रह उडण्याच्याही आधी, सुचवलं होतं.

सिद्ध व्हायला जवळजवळ अर्धं शतक गेलं. कारण साधं आहे: हा भोवरा कुणाला दिसत नाही. तो प्रकाश देत नाही, त्याचा फोटो निघत नाही. एखादं यान त्यातून जातं तेव्हा त्याच्या हाती फक्त आकड्यांची पट्टी लागते: क्षणाक्षणाची घनता, तापमान, वेग, क्षेत्र. दर काही मिनिटांनी घनता वर-खाली झाली, तर त्याचा अर्थ सीमेवरून लाट गेली असा होतो, किंवा सौरवाऱ्याचा दाब बदलल्याने अख्खी सीमाच पुढे-मागे सरकली असाही होतो. एकट्या यानाला हा भेद करता येत नाही. चार यानं हवीत, आणि ती एका रेषेत नकोत.

युरोपीय अवकाश संस्थेची ‘क्लस्टर’ मोहीम यासाठीच होती. तिची पहिली चार यानं 4 जून 1996 रोजी, आरियान-5 रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात, मिनिटभरही न होता आकाशात फुटली. चूक रॉकेटच्या संगणक आज्ञावलीतली होती. पुन्हा चार यानं बांधून 2000 साली सोयूझ रॉकेटांनी पाठवली आणि त्यांना नृत्यांची नावं दिली: रुम्बा, साल्सा, साम्बा, टँगो. 20 नोव्हेंबर 2001 रोजी ती चुंबकावरणाच्या संध्याकाळच्या बाजूच्या कुशीत होती. बाहेरचं क्षेत्र उत्तराभिमुख होतं. नोंदीत घनता ठरावीक अवधीने हेलकावे खात होती. त्यात विशेष काही नव्हतं. विशेष हे, की काही क्षणी पृथ्वीपासून लांबच्या यानाला विरळ प्लाझ्मा मिळत होता आणि त्याच क्षणी पृथ्वीकडच्या यानाला दाट.

एरवी दाट प्लाझ्मा बाहेर असतो, विरळ आत. सीमा नुसती हेलकावत असेल, तर बाहेरच्या यानाला आतल्यापेक्षा विरळ प्लाझ्मा मिळायचं कारणच नाही. तो मिळतो, कारण सीमा वळून स्वतःच्या खाली गेली आहे आणि बाहेरच्या दाट प्लाझ्माची जीभ आतल्या विरळ प्लाझ्माखाली शिरली आहे. म्हणजे लाट फुटून तिचा भोवरा झाला आहे. हिरोशी हासेगावा आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये हे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलं. त्या भोवऱ्यांचा आवाका 40 हजार किलोमीटरच्या घरातला. पृथ्वीच्या व्यासाच्या तिप्पट. यानांमधलं अंतर होतं फक्त दोनएक हजार किलोमीटर. एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावर एवढा मोठा निष्कर्ष काढणं, आणि तो टिकणं, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत देखणं काम वाटतं.

या भोवऱ्यांशी आपल्याला काय कर्तव्य, हा प्रश्न रास्त आहे. सौरवाऱ्याचं क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असतं तेव्हा ते पृथ्वीच्या क्षेत्राच्या विरुद्ध असतं. बलरेषा तुटून परस्परांना जोडल्या जातात, दार उघडतं आणि प्लाझ्मा आत येतो. डंजी यांनीच 1961 मध्ये मांडलेली ही पुनर्जोडणी चुंबकीय वादळांच्या मुळाशी आहे. क्षेत्र उत्तरेकडे असताना दर्शनी दार बंद, म्हणून चुंबकावरण शांत राहायला हवं. वादळ तेव्हा उठत नाही हे खरं. पण चुंबकावरणाच्या शेपटीतला प्लाझ्मा नेमका अशाच काळात दाट आणि थंड होत जातो, म्हणजे बाहेरचा माल आत येतच असतो. भोवरे हा त्याचा एक मार्ग. नुसता भोवरा मात्र पुरत नाही, कारण प्लाझ्मा आपल्या बलरेषा सोडत नाही. कितीही ढवळलं तरी दोन्हीकडचा माल आपापल्या दोऱ्यांना चिकटलेला राहतो. काटारीना न्यूकिरी आणि अँटोनियस ओटो यांनी 2001 मध्ये संगणकावर दाखवलं की भोवरा बलरेषांना इतकं पिळतो, की त्याच्या पोटातच परस्परविरुद्ध क्षेत्रं एकमेकांवर दाबली जातात आणि लहान-लहान पुनर्जोडण्या होतात. नासाच्या, 2015 मध्ये उडालेल्या ‘एमएमएस’ या चार यानांनी त्याच वर्षी 8 सप्टेंबरला अशा लाटांच्या काठावर त्या प्रत्यक्ष टिपल्या.

हे सगळं अपवादात्मक असतं, तर कुतूहल म्हणून सोडून देता आलं असतं. शिवा कावोसी आणि योआखिम रेडर यांनी 2015 मध्ये ‘थेमिस’ यानांच्या अनेक वर्षांच्या नोंदी चाळल्या आणि सीमेवर या लाटा सुमारे 19 टक्के वेळ आढळतात असं सांगितलं. क्षेत्र दक्षिणेकडे असतानाही त्या दिसल्या, फक्त कमी. बुध, शनी आणि गुरूच्या सीमांवरही त्यांच्या खुणा सापडल्या आहेत. बुधाची गोष्ट चमत्कारिक आहे: तिथे लाटा बहुतेक संध्याकाळच्या बाजूलाच भेटतात. ग्रह लहान, त्यामुळे आयनांच्या फिरण्याची वर्तुळं लाटेच्या तुलनेत नगण्य राहत नाहीत आणि दोन बाजूंमधली समता मोडते.

भोवरा डोळ्यांनी बघायचाच असेल तर सूर्याकडे वळावं लागतं. 3 नोव्हेंबर 2010 रोजी सूर्यावरून प्लाझ्माचा एक लोट सुटला. त्याच्या एका कुशीवर लाटांची ओळ उमटत गेलेली ‘एसडीओ’ या वेधशाळेच्या अतिनील चित्रांत स्वच्छ दिसते. दुसऱ्या कुशीवर मात्र काही नाही. एकाच लोटाच्या दोन बाजूंत हा फरक का, याची चर्चा पुढे सविस्तर येते. उत्तराचा ओघ पुन्हा क्षेत्राच्या दिशेकडेच जातो.

आणखी लांब गेलं की वेगाचं पातं खऱ्या अर्थाने धारदार होतं. ‘एम 87’ या दीर्घिकेतून निघालेला झोत 1918 मध्ये हेबर कर्टिस यांच्या नजरेस आला. हजारो प्रकाशवर्षं लांबीचा हा झोत आजूबाजूच्या वायूला घासत जातो, तरी फिसकटत नाही. अतिवेगामुळे काठावरची अस्थिरता मंदावते, हे त्यामागचं एक कारण, एकमेव नव्हे. असे झोत शेवटी ज्या रेडिओ-ढगांत संपतात, त्यांतले जुने, विझत चाललेले ढग बघायला कमी वारंवारतेची दुर्बीण लागते, आणि तशी जगातली एक अव्वल दुर्बीण पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळ, खोडदला आहे: 45 मीटर व्यासाच्या तीस ताटल्यांची जीएमआरटी. कुठले झोत काठावरच्या भोवऱ्यांनी वाटेतच मंदावून पसरतात आणि कुठले टोकापर्यंत सुळकन जातात, हा भेद फानारॉफ आणि रायली यांनी 1974 मध्ये आकारावरून केला होता. झोतांवरचं प्रकरण तिथून सुरू होतं.

मराठी वाचकाला या विषयाचं एक टोक घराजवळही सापडेल. चुंबकावरणाच्या सीमेवरच्या लाटा आतल्या बलरेषांना हलवतात, आणि त्या कंपनांपैकी काही, दीडशे ते सहाशे सेकंदांच्या आवर्तनाची, जमिनीवरच्या चुंबकमापकांत उमटतात. उत्तर-दक्षिण ध्रुवांकडे ती ठळक असतात, आपल्याकडे क्षीण. पण चुंबकीय नोंदींची आपली परंपरा जुनी आहे. 1859 च्या महावादळात कुलाबा वेधशाळेच्या मापकाने क्षेत्रात सुमारे 1600 नॅनोटेस्लाची घसरण टिपली होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर 1904 मध्ये नोंदींचं काम अलिबागला हललं, ते अजून चालू आहे. आणि 6 जानेवारी 2024 पासून ‘आदित्य-एल1’ हे आपलं यान पृथ्वीपासून सुमारे पंधरा लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला, येणाऱ्या सौरवाऱ्याचा वेग आणि त्याच्या क्षेत्राची दिशा मोजतं आहे. वर सांगितलेल्या सगळ्या प्रकरणात निकाल ठरवणाऱ्या याच दोन राशी.

पुस्तक कसं वाचावं याबद्दल थोडं. समीकरणं दुसऱ्या प्रकरणात एकवटली आहेत. अवकल समीकरणांशी ओळख नसेल तर ते सरळ ओलांडावं, पुढचं काही अडणार नाही. ज्यांना गणित हवं आहे त्यांनी मात्र जाड थराचा भाग सोडू नये, कारण बारीक रेषेवरचे निकाल पाठ करून खऱ्या नोंदींना लावायचा मोह तिथेच मोडतो. आलेख वाचायची सवय नसलेल्यांनी 20 नोव्हेंबर 2001 ची नोंद पेन्सिल घेऊन बघावी, घनतेच्या प्रत्येक शिखरासमोर आतलं यान कुठलं, बाहेरचं कुठलं ते लिहावं. भोवऱ्यांवाटे दर तासाला नेमका किती माल आत येतो, यावर अभ्यासकांचं एकमत झालेलं नाही. म्हणून शेवटच्या प्रकरणात वेगवेगळे अंदाज त्यांच्या गृहीतकांसकट शेजारी-शेजारी ठेवले आहेत, आणि त्यांची सरासरी मुद्दामच काढलेली नाही.